वर एका खोलीत, वधू दुसरीत

गेल्या मे महिन्यात एका स्नेह्यांच्या मुलीच्या लग्नासाठी आम्ही मंगळूरला गेलो होतो. बरोबर सौ. आणि आमचे चौदा वर्षांचे चिरंजीव. गाडीत सारी मंडळी कोकणरेल्वेचे बोगदे मोजत होती, पण चिरंजीवांचे लक्ष मागेच राहिले होते. अलिबागजवळ मामाच्या वाडीत, भोके पाडलेल्या एका पत्र्याच्या पेटीत. त्या पेटीत दोन धामणी होत्या! विहिरीकाठी एकमेकींना पीळ घालून नाचताना त्या याला दिसल्या, मामाच्या गड्याकडून याने त्या धरवल्या, आणि आता त्यांची पिल्ले वाढवायचा त्याचा बेत होता. ही शुभवार्ता आम्हाला रत्नागिरी ओलांडल्यावर समजली. सौ. पुढे उडुपीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. जणू पेटीला भोके मीच पाडली होती!

लग्न यथासांग पार पडले. दुसऱ्या दिवशी यजमानांनी आम्हाला पिलिकुळाला नेले. शहराबाहेर गुरपूर नदीच्या काठाशी असलेले हे निसर्गधाम शिवराम कारंतांच्या नावाने ओळखले जाते. तुळू भाषेत 'पिली' म्हणजे वाघ आणि 'कुळ' म्हणजे तळे. पण वाघाकडे ढुंकूनही न पाहता चिरंजीव थेट नागराजाच्या काचेपुढे जाऊन उभे राहिले. मीही पाहिला आणि नकळत एक पाऊल मागे सरलो. जगातला सर्वांत लांब विषारी साप तो! कर्नाटकात याला काळिंग म्हणतात, आणि २०२४ साली शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या या नागराजाला स्वतंत्र जातीचा मान देताना तेच नाव कायम केले.

"याची बायको कुठे आहे?" चिरंजीवांनी विचारले.

शेजारी उभे असलेले सापांचे जाणकार गृहस्थ हसले. मोडक्या हिंदीत म्हणाले, "अरे, यांचे बिऱ्हाड वेगळे असते. नागराजाचे अन्नच मुळी साप. वर्षभर एका खोलीत ठेवले, तर नवरा बायकोलाच गिळायचा!"

मग त्यांनी सारा विधी समजावून सांगितला. घाटात यांचा लग्नाचा हंगाम मार्च-एप्रिलच्या सुमारास. मादीच्या अंगाच्या वासावरून नर तिचा माग काढतो. बंदिवासातही हाच मुहूर्त पाळावा लागतो. आधी दोघांना पोटभर खाऊ घालायचे, मग नराला मादीकडे सोडायचे, आणि माणसाने तिथून हलायचे नाही. काही बिनसले तर तत्काळ वेगळे करायचे. जमले तरी पुढे मादीला एकांत हवा, आणि वाळलेल्या पानांचा ढीग हवा. कारण घरटे बांधणारा सापांत हा एकटाच. हात ना पाय, पण अंगाच्या वेटोळ्याने पाने ओढून ती रास रचते, आत वीस ते चाळीस अंडी घालते आणि राखण करते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या मादीने असेच घरटे केले होते. त्याचे वर्णन जेम्स ऑलिव्हर यांनी १९५६ साली प्रसिद्ध केले. पावसाळा भरात आला की पिल्ले बाहेर पडतात. काळी, अंगावर पिवळसर पट्टे, लांबी सुमारे दीड फूट, आणि विष जन्मापासूनच तयार.

चिरंजीवांनी मोठ्या अभिमानाने आपली पेटी सांगितली. ते गृहस्थ गंभीर झाले.

"नाचत होत्या म्हणालास? अंगाचा पुढचा भाग उभा करून, एकमेकांना खाली दाबत?"

"हो!"

"मग तो नाच नव्हे, कुस्ती. दोन्ही नर आहेत ते. मादी असलीच तर तिथेच विहिरीकाठी राहिली असेल. आणि तू त्या दोघा पहिलवानांना एका पेटीत कोंडलेस! या उन्हात पत्र्याची भट्टी होते, बाळ. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने धामण घरी ठेवणे हा गुन्हा आहे, ते वेगळेच."

चिरंजीवांचा चेहरा पाहवेना. त्याने माझ्या हातातला फोन ओढूनच घेतला. मामा पेटी घेऊन विहिरीकडे निघाला आणि आम्ही इकडे काचेपुढे श्वास रोखून उभे. झाकण उघडल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाला, "एक गेला सळसळत."

"दुसरा?"

"हलत नाही रे."

तेवढी दोन-तीन मिनिटे मला फार लांब वाटली. सौ.ने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला होता. मामा विहिरीचे पाणी शिंपडत होता, त्याचा आवाज ऐकू येत होता.

"हलला! गेला कुंपणाखाली!"

परतीच्या गाडीत पोरगा खिडकीशी गप्प बसून होता.

पुढे श्रावणात, नागपंचमीच्या सकाळी, सौ. पाटावर गंधाने नागोबा काढत होती. चिरंजीव शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "आई, घाटात आता अंडी फुटत असतील, नाही?"

"असतील," ती म्हणाली, आणि नागोबाशेजारी तिने आणखी एक लहानशी रेघ ओढली.