कळकलेली तार

कायमचे बंद पडलेले यंत्र एकवार परवडते. ते बंद आहे एवढे तरी निश्चित असते. खरा छळ मांडते ते लहरी यंत्र. दहा वेळा आज्ञा पाळील, अकराव्या वेळी मौन धरील, आणि जाणता माणूस तपासायला आला की शहाण्या मुलासारखे वागेल. वैद्य उंबरठ्यावर येताच उतरणाऱ्या तापासारखाच हा प्रकार.

1997 साली मी सुंदरबनात नेमणुकीवर असताना आमच्या खात्याच्या लाँचला हाच रोग जडला होता. कॅनिंगच्या दक्षिणेला मातला नदीच्या असंख्य फाट्यांतून आमची फिरती चाले. तेथे लाँच चालवणाऱ्याला सारेंग म्हणतात; कोकणातल्या आपल्या सारंगाची आठवण होऊन मला उगीचच आपलेपणा वाटे. बाकी मुलूख सारा भरती-ओहोटीच्या तंत्राने चालणारा. सहा तासांत पाणी कित्येक हात उतरते, खाड्यांच्या तोंडाशी चिखल उघडा पडतो, आणि ज्याने वेळ चुकवली त्याने पुढच्या भरतीची वाट पाहावी.

किल्ली फिरवली की कधी इंजिन घुमे, कधी नुसते ‘टक्’ होई आणि पुढे शांतता. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा ते बावीसपट दाबली की ती इतकी तापते की फवारलेले तेल आपोआप पेटते. पहिल्या काही फेऱ्यांत ही दाबणी स्टार्टरलाच करावी लागते आणि त्यासाठी तो बॅटरीतून शेकडो अँपियर ओढतो. आमच्या वयस्क मिस्त्रींचा यावरचा उपाय ठरलेला होता. लाकडी हातोडीने स्टार्टरवर दोन ठोके द्यायचे. बहुधा गुण येई.

एका पावसाळी संध्याकाळी मात्र आला नाही. साप चावलेल्या एका मुलीला लाँचवर आणले होते, ओहोटी लागली होती, आणि इंजिन ‘टक्’च्या पुढे जाईना. ठोके झाले, शिव्या झाल्या, मुलीच्या बापाने हात जोडले. शेवटी शेजारच्या घाटावरची भटभटी निघाली. भटभटी म्हणजे शेतात पाणी उपसण्याचे डिझेल इंजिन बसवलेली गावठी होडी. नाव आवाजावरूनच पडलेले. तिच्या मालकाने हँडल चार वेळा फिरवले आणि ती चालू लागली. तिला ना बॅटरी, ना किल्ली. मुलगी वाचली, पण आमच्या निश्चल लाँचकडे पाहत तिचा बाप त्या होडीत चढला, ती त्याची नजर मला पुष्कळ दिवस आठवत राहिली.

त्यापूर्वी बॅटरी दोनदा आणि स्टार्टर एकदा बदलून झाला होता. तेव्हा दोष या दोघांच्या मधल्या वाटेत असावा, असे मला वाटू लागले. व्होल्टमीटर आणवला. बॅटरी स्वस्थ असताना 12.6 व्होल्ट दाखवी. ‘टक्’ होण्याची वाट पाहत मिस्त्री किल्ली फिरवीत राहिले आणि एकदाचे ते झाले. त्या क्षणी बॅटरीवर 11.5 होते, परंतु स्टार्टरपाशी अवघे 7. साडेचार व्होल्ट वाटेत कोणी खाल्ले? धन बाजूच्या केबलवर 0.3 सापडले, ते क्षम्य. मग एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिनच्या अंगावर धरले. जेथे जवळजवळ शून्य असायला हवे तेथे 4.2!

इंजिनपासून बॅटरीकडे परतणारी ती जाड केबल स्टार्टरच्याच बोल्टला जोडलेली होती. वरून अगदी स्वच्छ. तिचे रबर कापले तेव्हा आत तांब्याच्या तारांचा हिरवा भुगा झालेला. पितळेच्या भांड्यात राहून कळकलेल्या ताकाला येतो, तसलाच तो हिरवा रंग. खारी हवा टोकातून शिरून आवरणाखाली वर वर चढत गेली होती. अशा जागी रोध किती असावा? 0.02 ओम. दिव्यांना 5 अँपियर लागतात, तेव्हा या रोधात व्होल्टचा दहावा हिस्सा जातो. म्हणून आमचे दिवे लख्ख जळत आणि बॅटरीवर कोणाचा संशय टिकत नसे. स्टार्टरच्या 200 अँपियरला मात्र तोच रोध 4 व्होल्ट हिरावून घेतो. मिस्त्रींच्या ठोक्यांचाही उलगडा झाला. ठोका स्टार्टरवर बसे, हादरा शेजारच्या बोल्टला पोहोचे, आणि उरल्यासुरल्या तारा क्षणभर एकमेकींना धरीत.

नवी केबल आली, टोकांना ग्रीस लागले, आणि ‘टक्’ थांबले. मिस्त्री पहाटे निघताना हातोडीचा एक हलका ठोका तरीही देत. मी कधी हटकले नाही. केबलची किंमत इतकी क्षुल्लक होती की मंजुरीचा प्रश्नच आला नाही. जुना स्टार्टर भांडारात पडून होता. तपासला तर धडधाकट निघाला, पण नोंदवहीत तो ‘निकामी’ ठरून निर्लेखित झालेला. आणि निर्लेखनाची नोंद फिरवण्याचा अधिकार माझ्या हुद्द्याला नव्हता.