कथेतला मारेकरी

गेल्या दिवाळीत पुण्याहून नातू आला होता. वय वर्षे सोळा. दुपारी जेवणे आटोपून घर निजले की हा संगणकासमोर बसे. एकदा चष्मा शोधत मी त्याच्या खोलीत गेलो, तर पडद्यावर गुळगुळीत डोक्याचा, काळा सूट आणि लाल टाय घातलेला एक गृहस्थ मोठ्या ऐटीने कुठल्याशा प्रासादात शिरत होता. 'हिटमॅन' नावाचा हा खेळ २००० सालापासून चालत आला आहे. त्यात आपण भाडोत्री मारेकरी व्हायचे आणि नेमून दिलेल्या माणसाला संपवायचे. कोणालाही चाहूल लागू न देता काम फत्ते केले तर सर्वांत वरची श्रेणी मिळते. त्या गृहस्थाच्या मानेवर दुकानातल्या वस्तूंवर असतो तसला बारकोड आहे. नाव नाही, क्रमांक आहे.

"आजोबा, खरे मारेकरी असे असतात का हो?" त्याने सहज विचारले.

मी "छे रे!" म्हणून चष्मा घेऊन बाहेर आलो. परंतु प्रश्न मनातून गेला नाही, कारण त्याच्या वयाहून थोडा मोठा असताना मी स्वतःच अशा एका मारेकऱ्याच्या प्रेमात पडलो होतो.

फ्रेडरिक फोर्सिथ यांची 'द डे ऑफ द जॅकल' ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. इंदूरला माझ्या हाती ती १९७४च्या सुमारास आली, तीही एका मित्राच्या मामांकडून, तीन दिवसांच्या बोलीवर. ती मी दोन रात्रींत संपवली आणि तिसऱ्या रात्री पुन्हा आरंभापासून धरली. फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांना ठार मारण्यासाठी नेमलेला एक इंग्रज, मोबदला पाच लाख डॉलर. द गॉल १९७० साली घरी, नैसर्गिक मरणाने गेले, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. म्हणजे हा बेत फसणार हे पहिल्या पानालाच उघड. तरीही वाचताना छाती धडधडते. याचे रहस्य कारागिरीत आहे. तो माणूस लहानपणीच वारलेल्या एका मुलाच्या जन्माच्या दाखल्यावरून पारपत्र काढतो. ग्रंथालयात बसून आपल्या सावजाचा अभ्यास करतो. बंदूक कुबडीच्या नळ्यांत मावेल अशी सुटी करवून घेतो, आणि रानात जाऊन कलिंगडावर तिची परीक्षा घेतो. उत्तम सुतार रंधा मारताना पाहावा तसे आपण पाहत राहतो. त्याच्या हातून चूक होऊ नये असे वाटू लागते, आणि तसे वाटते आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही.

परवा ही कादंबरी मी मुद्दाम पुन्हा वाचली. या वेळी पेन्सिल घेऊन बसलो होतो. द गॉल वाचतात, हे सर्वांना आठवते. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर कोण कोण मरते, हे मात्र मला मुळीच आठवत नव्हते. खोटी कागदपत्रे करून देणारा एक लोभी इसम. ज्या बाईने त्याला आपल्या घरी थारा दिला ती. पॅरिसमध्ये ज्याने विश्वासाने आपल्या बिऱ्हाडी नेले तो एकटा माणूस. यांतल्या कोणावर रागही नव्हता, कोणासाठी दमडी मिळायची नव्हती. लेखकाने हे लपवलेले नाही. सगळे छापलेले आहे. मीच पन्नास वर्षे ते वाचूनही वाचले नव्हते.

आणखी एक गोष्ट. कादंबरीचा आरंभ ज्या खऱ्या घटनेवरून होतो ती कारागिरीच्या अगदी उलट आहे. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ प्ती-क्लामार येथे द गॉल यांच्या मोटारीवर शंभराहून अधिक गोळ्या झाडल्या गेल्या. मोटारीला भोके पडली, आत बसलेल्या अध्यक्षांना आणि त्यांच्या पत्नीला खरचटलेही नाही. कटाचा सूत्रधार बास्त्यां-तिरी हा हवाई दलातला अभियंता होता, भाडोत्री नव्हे. अल्जीरिया सोडून देण्याच्या धोरणाने संतापलेला, घरदार असलेला माणूस. ११ मार्च १९६३ रोजी त्याला गोळ्या घालून मृत्युदंड दिला गेला. इतिहासाने केलेला हा घोळ कादंबरीकाराला उपयोगाचा नव्हता. त्याने त्याच्या जागी कोणाचाच मुलगा, कोणाचाच नवरा नसलेला, कसलेला माणूस आणून बसवला. शेवटी तो बेवारशी पुरला जातो आणि त्याचे खरे नावदेखील कळत नाही. कथेतल्या मारेकऱ्याला घर नसते, आणि ते नसते म्हणूनच त्याच्या कसबाचे कौतुक आपल्याला निर्धास्तपणे करता येते.

आपल्याकडे पूर्वी असे नव्हते, असे म्हणण्याचा मोह होतो. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेली आमची पिढी. झुंजार आणि काळापहाड आम्हांला पाठ. पैसे घेऊन सुरा चालवणारा मात्र सांगकाम्या, त्याची आठवण कोण ठेवणार? शेक्सपिअरनेही 'मॅकबेथ'मध्ये बँकोला मारायला धाडलेल्या माणसांना नावे दिली नाहीत. वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ साली या नाटकावरून 'राजमुकुट' लिहिले, ते पुष्कळांना ठाऊक असेल. नुसते पैसे देऊन हे लोक मारतील यावर मॅकबेथचा भरवसा नाही. तुमच्या दैन्याचे मूळ हा बँकोच, असे तो त्यांच्या गळी उतरवतो. जगाने लाथाडलेली, काहीही करायला तयार झालेली ती माणसे. त्यांतला एक राजाला भर मेजवानीत वर्दी द्यायला येतो, तो तोंडाला लागलेले रक्तही पुसलेले नसताना! जॅकलने असली ढिलाई केली असती का? पण मला आता वाटते, खऱ्याच्या जवळ शेक्सपिअर अधिक आहे.

कारण खरे मारेकरी बहुधा दुरून येत नाहीत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना ज्यांनी तोडले, ते गारदी वाड्याच्याच चाकरीतले. थकलेल्या पगाराची तक्रार घेऊन ते आत शिरले. कुबडीत लपवायची बंदूक त्यांना लागली नाही. पहारेकऱ्यांनाच दार उघडे होते. आपल्या माळव्याच्या वाटांवरच्या ठगांचेही तेच. निजामाच्या चाकरीत असलेल्या मेडोज टेलर या इंग्रज अंमलदाराने १८३९ साली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लिहिली. तीत अमीर अली आपल्या तोंडाने आपली कथा सांगतो. रुमाल कसा टाकायचा हे तीत आहेच. पण त्याहून अंगावर येते ती त्याची मिठ्ठास वाणी. वाटसरू त्याच्याबरोबर जेवतात, गप्पा मारतात, सोबत मिळाली म्हणून देवाचे आभार मानतात. त्याचे हत्यार रुमाल नव्हते, विश्वास होता.

'सुपारी' हा शब्द पाहा. सुपारी ठेवून आपण गणपती बसवतो, सुपारी देऊन लग्न ठरवतो, कीर्तनकाराला आणि तमाशाच्या फडालाही सुपारी देतो. विडा भर दरबारात उचलला जाई, चार माणसांच्या देखत. तीच सुपारी मुंबईच्या बोलीतून आणि चित्रपटांतून माणूस मारण्याच्या सौद्याला चिकटली आणि आता वर्तमानपत्रांतही बिनदिक्कत छापून येते. शब्द घरातलाच होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

जॅकल वाचून भारावलेल्या मी १९७५ साली एक कथा लिहिली. एका दिवाळी अंकाला पाठवायची होती. नायक भाडोत्री मारेकरी. थंड डोळे, कमी बोलणे, हातमोजे, सारे काही. एक गिरणीमालक त्याने कसा टिपला याचे बारा पाने वर्णन. पाठवण्यापूर्वी आबांना, म्हणजे वडिलांना, वाचायला दिली. आबा शाळेत मराठी शिकवीत. माझ्या शुद्धलेखनावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि वही परत देताना म्हणाले, "भाषा बरी आहे. मेला तो कोण?"

"गिरणीमालक."

"ते वाचलं. त्याच्या घरी कोण होतं?"

मी गप्प. मी त्या माणसाला घरच दिले नव्हते.

"आणि मारणाऱ्याच्या घरी?"

त्या संध्याकाळी ओसरीवर बसून आबांनी मला जे सांगितले ते पूर्वी कधी सांगितले नव्हते, पुढेही कधी सांगितले नाही. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनिक व्यापाऱ्याच्या मोटारीवर हल्ला झाला. सोबत मुमताज बेगम होती, इंदूरच्या महाराजांचा आश्रय सोडून आलेली. तिला पळवून न्यायचा हल्लेखोरांचा डाव होता. बावलांना गोळ्या घातल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले. गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी अवचित तेथे आले, झटापट झाली, आणि हल्लेखोरांपैकी काही जागीच सापडले. मुंबईच्या उच्च न्यायालयात खटला चालला, तिघांना फाशीची शिक्षा झाली. आरोपींत इंदूर संस्थानच्या नोकरीतली माणसे होती. महाराजांवर खटला चालला नाही. परंतु चौकशी की राजत्याग, असा पेच पुढे आल्यावर तुकोजीराव होळकरांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. हे सारे इंदूरच्या जुन्या मराठी घरांना ठाऊक आहे आणि फार क्वचित बोलले जाते. आमच्याकडे 'बावला' हा शब्द मोठ्याने उच्चारीत नसत.

आबा तेव्हा नऊ वर्षांचे. या प्रकरणात धरल्या गेलेल्यांपैकी एक गृहस्थ शेजारच्या वाड्यात बिऱ्हाडाने राहत. त्यांचे नाव मी येथे घेत नाही. त्यांची पतवंडे आज कोठेतरी असतील. गल्लीतल्या पोरांना ते पतंग करून देत. कामट्या तासून, खळ लावून, कन्नी बांधून. मांजाने त्यांच्या बोटांना बारीक चिरा पडलेल्या असत. संक्रांतीच्या आधी ते "कामासाठी मुंबईला जातो" म्हणून निघाले आणि आबांना म्हणाले, "येताना तुला मुंबईचा मांजा आणतो." संक्रांत आली, गेली. मग बातमी आली. मग वाड्यात पोलीस आले. त्यांच्या घरच्या काकू पुढे पाण्याला बाहेर येत त्या दुपारी, चौकात कोणी नसताना.

"मला पुष्कळ दिवस वाटत होतं," आबा म्हणाले, "की मांजा कुठेतरी ठेवला असेल त्यांनी माझ्यासाठी." थोडे थांबून म्हणाले, "त्यांनी मला फसवलं नव्हतं, हे मला अजून कळत नाही रे."

ती कथा मी पाठवली नाही. पुढेही असले काही लिहिले नाही. वाचणे मात्र सुटले नाही, हे कबूल केले पाहिजे. पुढे हेमिंग्वे यांची १९२७ सालची 'द किलर्स' ही कथा वाचली तेव्हा आबा हयात नव्हते. असते तर ती त्यांना वाचून दाखवली असती. घट्ट ओव्हरकोट घातलेले दोघे जण एका खाणावळीत येऊन बसतात, हातमोजे न काढता जेवतात आणि ओल अँडरसन या मुष्टियोद्ध्याची वाट पाहतात. तो येत नाही, ते निघून जातात. येथवर आपल्याला हवी तशीच गोष्ट. मग निक नावाचा पोरगा अँडरसनच्या खोलीवर धावत जाऊन त्याला सांगतो, आणि तो प्रचंड देहाचा माणूस अंथरुणावर पडून भिंतीकडे तोंड करतो. पळून पळून थकला आहे. कथा पूर्ण वाचल्यावर ते दोघे कसे दिसत होते हे आठवत नाही, भिंत आठवते.

बावला प्रकरणावरही लगेच कथा झाली, हे जाता जाता सांगतो. त्याच वर्षी, १९२५ साली, होमी मास्टर यांनी त्यावर बेतलेला 'कुलीन कांता' हा मूकपट काढला. लोकांना वाट पाहवत नाही.

नातू पुण्याला परत जाण्याच्या आदल्या रात्री मी त्याला हे सारे सांगितले. उपदेश केला नाही. खेळ बंद कर असेही म्हटले नाही, पन्नास वर्षांपूर्वीचा मी कोणत्या तोंडाने म्हणणार? गोल्फच्या काठ्या घेऊन धावलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे त्याला फार कौतुक वाटले. राजाने गादी सोडली, हे ऐकून चकित झाला. पतंगांची हकीकत त्याने मुकाट्याने ऐकून घेतली. मग म्हणाला, "आणि बावला? ते कसे होते?"

"व्यापारी होते," मी म्हणालो. "श्रीमंत होते."

"ते झालं. पण कसे होते?"

मला पुढे काही सांगता येईना. त्या खटल्याविषयी मी आयुष्यभर मिळेल ते वाचत आलो. मोटारी, पिस्तुले, वकील, महाराज, बेगम हे सारे मला तोंडपाठ. ज्या माणसाचे नाव त्या खटल्याला आहे, त्याच्याविषयी दोन वाक्यांपलीकडे मी कधी शोधलेच नव्हते. दिवाळीनंतर मी वाचनालयात जाऊन त्या सालच्या वृत्तपत्रांची बांधीव पुस्तके काढून घेतली आहेत. कागद फार ठिसूळ झाला आहे, दिवसाला पाच-सहा पानांहून अधिक उलटवत नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी, आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत, १९२५ सालची कात्रणे वा पत्रे असतील आणि त्यांत अब्दुल कादर बावला यांच्याविषयी, त्यांच्या घरच्यांविषयी काही असेल, तर कृपया मला सभेच्या पत्त्यावर कळवावे. मूळ कागद पाठवू नयेत, प्रत पुरेल.