एकदंताच्या गावी

जिभेसारखा कृतघ्न अवयव दुसरा नसेल. तोंडातले दात जन्मभर जागच्या जागी उभे राहून चावतात, दळतात, शब्दांना आकार देतात. पण जीभ त्यांची कधी साधी विचारपूस करीत नाही. एक दात गेला की मात्र ती दिवसातून शंभर वेळा त्या रिकाम्या जागेशी जाऊन येते. आहे त्याची दखल नाही आणि नाही त्याचा ध्यास! पण जिभेला तरी कशाला नावे ठेवायची? मनाची तरी रीत याहून निराळी कुठे आहे?

गेल्या वर्षी माझ्या जिभेला असा उद्योग मिळाला. खालची एक दाढ पूर्वीच गेली होती आणि तिच्या जागी मी इम्प्लांट बसवून घेतले होते. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर पांढरीशुभ्र टोपी. दोन वर्षे या पाहुण्याने इमानाने काम केले. मग हिरडी सुजू लागली, घास लागला की ठणका उठू लागला. एक्स-रे काढला, तेव्हा स्क्रूभोवतीचे हाड मागे सरलेले दिसले. शिरूरचे दंतवैद्य म्हणाले, "गुरुजी, आता हा ठेवण्यात अर्थ नाही. काढू या."

मला राग आला तो माझ्या जबड्याचा. कारण या विद्येची हकीकत मी मोठ्या कौतुकाने वाचली होती. १९५२च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या हाडात टायटॅनियमचे एक उपकरण बसवून रक्तप्रवाहाचा अभ्यास करीत होते. काम झाल्यावर ते काढू गेले, तर निघेना! हाडाने धातूला घट्ट मिठी मारली होती. पुढे १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या गृहस्थांच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. २००६ साली लार्सन वारले, तोवर त्यांनी चाळीस वर्षे साथ दिली. स्वीडनच्या जबड्याने चाळीस वर्षे संसार केला आणि माझ्या जबड्याने दोन वर्षांत हात झटकले! पण आपलेच दात नि आपलेच ओठ. फिर्याद कोणाकडे करायची?

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी स्क्रू निघाला. बधिर केलेल्या जबड्याला वेदना कळली नाही. उलटे फिरणारे आटे तेवढे जाणवले. खरे काम त्यानंतर सुरू झाले, आणि ते काम म्हणजे काहीही न करणे! अर्धा तास कापसाचा बोळा दाबून धरायचा. चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही, नळीने काही ओढून प्यायचे नाही. गालाला बाहेरून बर्फ. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचे पाणी, तेही तोंडात नुसते हलकेच फिरवायचे. शेजारच्या आजी म्हणाल्या, "गुरुजी, वाईच मिसरी लावा, ठणका पळून जाईल." पण तंबाखूने जखम चिघळते, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. आजींची माया घेतली आणि मिश्री परत केली.

एवढा सोवळेपणा कशासाठी? तर खळग्यात साकळलेल्या रक्ताच्या गुठळीसाठी. मला ती घाण वाटत होती. डॉक्टर म्हणाले, तोच पाया. ती गुठळी निसटली की आतले हाड उघडे पडते आणि कळा सुरू होतात. ती टिकली, तर आठवड्याभरात तिच्या जागी कोवळे मांस येते, मग हाडाची कच्ची वीण पडते आणि काही महिन्यांत ती पक्की होते.

आमचे रांजणगाव म्हणजे एका अंगाला महागणपतीचे देऊळ आणि दुसऱ्या अंगाला एमआयडीसीचे कारखाने. कारखान्यात एखादा भाग निकामी झाला, की तो काढून दुसरा बसवतात आणि पट्टा पुन्हा चालू होतो. मलाही वाटत होते की आजच्या आज दुसरा स्क्रू बसवून टाकावा. पण डॉक्टरांनी चार महिन्यांची मुदत घातली. शरीराला पाळ्या लावून काम करायची सवय नाही.

चौथ्या दिवशी संकष्टी आली. चंद्रोदयानंतर सौ.ने उकडीचा मोदक केळीच्या पानावर ठेवला, आणि एकदंताला मोदकच का प्रिय याचा मला उलगडा झाला. तो चावावा लागत नाही! मग वाटले, ज्याचे सबंध मस्तकच दुसऱ्याचे आणून बसवले, त्याला एक दात बसवून घेणे काय अवघड होते? पण नाही. कोणी म्हणतात तो परशुरामाच्या परशूने तुटला, कोणी म्हणतात महाभारत लिहायला त्याने आपणच मोडून घेतला. कसेही असो, त्रिपुरासुराशी लढायला निघालेल्या प्रत्यक्ष शंकरांनी ज्याची इथे आराधना केली, तो देव तुटका दात मिरवीत बसला आहे.

दिवाळीत मात्र माझी खरी परीक्षा झाली. टाके निघाले होते, पण चकलीतला तीळ आणि करंजीतली खसखस यांना त्या खळग्याचा पत्ता कोणी दिला होता कोण जाणे! सगळे कुरकुरीत चिवडा खात बसले असताना मी बेसनाचा लाडू दुधात कालवून घेत होतो. त्यातच नातवाचा पुढचा दात पडला. आमच्या लहानपणी असा दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकीत. आता घरावर स्लॅब आहे. पण त्याने तो फेकला आणि दोघेही आपापल्या फटी आरशात पाहू लागलो.

जिभेला तो खळगा केवढा वाटायचा! निघोजच्या कुकडी नदीतले रांजणखळगे आठवायचे. पाण्याच्या भोवऱ्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी हजारो वर्षे घासून कातळात ते रांजण कोरले आहेत. दगडात एकदा खळगा पडला, की काळ तो खोलच करीत जातो. माझ्या तोंडात मात्र उलटे चालले होते. पंधरवड्याने जीभ गेली की खळगा उथळ लागे. मी झोपलेला असताना, चिडलेला असताना, कोणीतरी आतून भर घालीत होते.

माघातली गणेशजयंती आटोपल्यावर पुन्हा एक्स-रे काढला. खळगा जवळजवळ बुजलेला! मी म्हटले, "म्हणजे या हाडाने तेव्हा दगा दिला नव्हता तर?" डॉक्टर म्हणाले, "दगा कसला? हिरडीतून जंतू आत उतरले, म्हणून ते मागे सरलं. जंतू गेले, ते परत आलं." ज्या जबड्याला मी चार महिने बोल लावीत होतो, तोच मुकाट्याने माझे घर दुरुस्त करीत होता.

दुसरा दात बसवायचा की नाही, हे सावकाश ठरवीन. आता जागा तयार आहे आणि घाई उरलेली नाही. नातवाचा नवा दात करवतीसारखी कड घेऊन वर आला आहे. परवा त्याने माझ्या तोंडात डोकावून विचारले, "आजोबा, तुमचा कधी येणार?"

मी म्हटले, "बाळा, माझे हाड आले आहे. दाताचे मग बघू!"