भात्याचा हात

पेटीवादकाचे दोन हात दोन निराळी कामे करतात. उजव्या हाताची बोटे पट्ट्यांवर पळतात. श्रोत्यांची नजर त्यांच्यावर आणि दादही त्यांनाच. डावा हात मागे राहून भाता चालवतो. गायकाने आवाज बारीक केला की भात्यावरचा दाब उतरतो, समेवर उठाव हवा असला की चढतो. पट्टी जोरात दाबली काय नि हळू दाबली काय, पेटीचा सूर तेवढाच. तो लहान-मोठा करण्याची सारी सत्ता डाव्या हाताकडे.

अशा वादकाने लॅपटॉपला जोडायचा मिडी कीबोर्ड घरी आणला की प्रश्न पडतो तो या डाव्या हाताचा. समोर 25, 49 किंवा 61 पट्ट्या आहेत, मागे भाता नाही. पण बहुतेक कीबोर्डांच्या डाव्या टोकाला दोन चाके असतात, पिच बेंड आणि मॉड्युलेशन. भात्यावरून मोकळ्या झालेल्या हाताची ती अगदी नेमकी जागा. हा हात तिथे काय करू शकतो हे उमगले, तर पेटीने जन्मभर हुलकावणी दिलेली एक गोष्ट वादकाला मिळते. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणे.

आधी मात्र त्या यंत्रातून सूर निघायला हवा, आणि तो आपसूक निघत नाही. मिडी कीबोर्ड हा नुसता कंट्रोलर, त्यात आवाज नसतोच. पट्टी दाबली की तो संगणकाला फक्त तीन आकडे पाठवतो: काय घडले आणि कोणत्या चॅनलवर, कोणती पट्टी, आणि ती किती वेगाने खाली गेली. पट्ट्यांचे क्रमांक 0 ते 127, वेगाचे आकडेही तेवढेच. पेटीवाल्यांच्या बोलीत सांगायचे तर मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे 60, काळी एक 61, काळी चार 68. मूळच्या पाच पिनांच्या केबलमधून सेकंदाला 31,250 बिट जातात. त्या हिशेबाने तीन आकड्यांचा हा निरोप एका मिलिसेकंदाच्या आत पोचतो.

मिडी ही यंत्रांची बोली दोन माणसांच्या चिकाटीतून आली. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधल्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी. त्या काळी एका कंपनीचा सिंथेसायझर दुसऱ्या कंपनीच्या सिंथेसायझरशी बोलत नसे. जानेवारी 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 एका केबलने जोडले गेले. एकावर बोट ठेवले आणि दुसराही वाजला. या पद्धतीवर त्यांनी स्वामित्वशुल्क लावले नाही, म्हणून ती सगळ्यांची झाली. 2013 मध्ये दोघांना तांत्रिक कामगिरीचा ग्रॅमी मिळाला, तो तीस वर्षांच्या या खुल्या वापराची पावती होता.

आजचा कंट्रोलर यूएसबीने जोडतात आणि तो बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखला जातो. संगणकाने ओळखला म्हणून ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरने ओळखला असे मात्र होत नाही. रीपरमध्ये प्रेफरन्सेसच्या मिडीच्या पानावर त्या कीबोर्डचे इनपुट चालू करावे लागते. एबलटन लाइव्हमध्ये त्याच्या नावापुढचा ‘ट्रॅक’ रकाना चालू लागतो. मग एक नवा ट्रॅक, त्यावर एखादे सॉफ्टवेअर वाद्य, इनपुटला मिडी कीबोर्ड, लाल बटण दाबून ट्रॅक ध्वनिमुद्रणाला सज्ज, आणि वाजवताना ऐकू यावे म्हणून मॉनिटरिंग चालू. बोट ते कान या वाटेवरची ही पाच दारे आहेत. सूर आला नाही तर ती याच क्रमाने तपासावीत. ट्रॅकच्या मीटरवर हालचाल दिसली तर निरोप पोचला आहे आणि अडले आहे ते पुढे, वाद्यात किंवा स्पीकरच्या वाटेत.

सूर आला, पण बोटाच्या मागून आला, तर साथीला सवयलेला माणूस लगेच अस्वस्थ होतो. संगणक आवाज थोडा थोडा साठवून बाहेर सोडतो. या साठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या हिशेबाने 512 नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे 11.6 मिलिसेकंदांचा उशीर, 128 चा म्हणजे 2.9. हवेत आवाजाला एक मीटर जायला जवळपास तेवढाच, तीन मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे बफर 512 वर असेल तर आपलीच पेटी चार मीटरांवरून ऐकल्यासारखी वाटते, 128 वर हाताच्या अंतरावर येते. वाजवताना बफर लहान ठेवावा आणि पुढे बरेच ट्रॅक साठून संगणक दमला, आवाज तडकू लागला, की मोठा करावा. विंडोजवर यासाठी सहसा असिओ पद्धतीचा ड्रायव्हर घ्यावा लागतो. मॅकमध्ये ही सोय अंगचीच आहे.

आता भाता. पेटीच्या सवयीने वाजवणाऱ्याची बोटे पट्ट्यांवरून हलकी सरकतात, जोराचा हिशेब ती ठेवत नाहीत. पियानोच्या आवाजावर तीच बोटे एक सूर मोठा, एक पुसट असे खडबडीत वाजवतात. त्यावर सरळ उपाय आहे. ज्या कीबोर्डांत वेगाचा आकडा स्थिर ठेवता येतो तिथे तो स्थिर ठेवावा, बासरी, ऑर्गन किंवा पेटीसारखा टिकणारा आवाज निवडावा आणि त्याचा चढउतार कंट्रोलर क्रमांक 11 वर सोपवावा. मिडीत याला एक्स्प्रेशन म्हणतात. मूल्ये 0 ते 127. सॉफ्टवेअर वाद्यातल्या आवाजाच्या बटणावर ‘मिडी लर्न’ निवडून जे हलवावे ते त्याला जोडले जाते. मॉड्युलेशनचे चाक जोडले तर डावा हात पुन्हा भात्यावर येतो. कीबोर्डच्या मागे एक्स्प्रेशन पेडलचे भोक असेल तर त्याहून चांगले. संगीत नाटकांच्या ऑर्गनवादकांनी पायाने भाता सांभाळून दोन्ही हात मोकळे ठेवलेच होते. पेडलमुळे तीच बैठक परत मिळते आणि डावा हात पिच बेंडसाठी राखीव राहतो.

इथून पुढचा भाग पेटीवादकाला खरोखर नवा आहे. पेटीवर सा आणि रे यांच्यामध्ये काही नसते. कुशल वादक जवळच्या सुरांना झटकन स्पर्श करून मींडेचा भास निर्माण करतात. तो भास फार सुंदर असतो, पण सलग वाट नसते. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला मज्जाव केला, तो पुढे सुमारे तीन दशके राहिला. त्यामागच्या आक्षेपांत हा एक होताच.

पिच बेंडचे चाक 16,384 पायऱ्यांत बोलते, मधला बिंदू 8,192. ते सहसा वर दोन आणि खाली दोन अर्धस्वर एवढेच सूर ओढते. सा धरून चाक पूर्ण वर नेले की रे येतो. दरबारी कानड्यातल्या कोमल गांधाराच्या आंदोलनाला इतका पल्ला पुरतो आणि चाकाची चाल संथ ठेवता येते. सा पासून मध्यमापर्यंत ओढायचे तर वाद्यात पल्ला 5 वर नेला पाहिजे, पंचमापर्यंत 7 वर. पल्ला वाढला की अंगठ्याची बारीकशी हालचालही मोठी उडी होते, म्हणून रागाप्रमाणे तो बदलणे इष्ट. चाक स्प्रिंगने मध्यावर परतते. ते सोडून द्यायचे नसते, उतरवायचे असते. त्याला रियाज लागतो.

एक गोष्ट मांडणी करतानाच सांभाळावी. बेंडचा निरोप सबंध चॅनलला लागू होतो. तानपुरा त्याच ट्रॅकवर ठेवला तर मींडेबरोबर षड्जही डळमळेल. तानपुऱ्याला वेगळा ट्रॅक द्यावा आणि तो कीबोर्डच्या वाटेतून बाहेर ठेवावा. प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनल देणारी एमपीई ही पद्धत 2018 मध्ये मान्य झाली. तिला साजेशा कीबोर्डवर एका बोटाखाली षड्ज स्थिर असताना दुसऱ्या बोटाखाली गांधार झुलू शकतो.

गांधाराचा दुसरा प्रश्नही इथे सुटतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार षड्जापासून सुमारे 386 सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शतांश) असतो, कीबोर्डचा शुद्ध गांधार 400 वर. हे 14 सेंट कानाला खुपतात. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले आणि ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी घडवण्याच्या खटपटी केल्या. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी आपल्या काळात बावीस श्रुतींची पेटी बनवली. त्यांनी पेटीतल्या पितळी रीड घासून जे साधले ते सर्ज एक्सटीसारख्या मोफत वाद्यात स्वरांतरांची एक छोटी स्केला फाईल भरून करून पाहता येते. यमनसाठी एक, तोडीसाठी दुसरी.

यंत्रावर राग आणि मींड आणण्याचा हा शोध मुंबईत मिडीच्या आधीच सुरू झाला होता. चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँडची तीन यंत्रे, ज्युपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808, एकत्र घेऊन दहा रागांची तबकडी केली. टीबी-303 मध्ये एक सूर पुढच्या सुरात घसरवण्याची सोय होती आणि रागदारीसाठी ती त्यांना हवी होती. ती तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या इलेक्ट्रॉनिक संगीतकारांनी ती नव्याने ऐकली.

वाजवलेले सारे संगणकात आकड्यांच्या रूपात राहते, म्हणून त्याचा पुढे उपयोग होतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी बंदिशीची साथ मुद्रित केली आणि दुसऱ्या दिवशी काळी चारची विद्यार्थिनी आली, तर सगळे सूर निवडून सात अर्धस्वर वर सरकवायचे. बेंडचे आकडे हलवायचे नाहीत, कारण ते प्रत्येक सुरापासूनचे अंतर सांगतात. श्रुतींची फाईल भरली असेल तर तिचा षड्ज तेवढा काळी चारवर न्यायचा. मग आदल्या दिवशी डाव्या हाताने काढलेली प्रत्येक मींड, तिच्या संथ चढासकट आणि उतारासकट, नव्या षड्जावर तशीच लागते, आणि तिला कुठे सुधारायचे ते पडद्यावरच्या रेघेत वादकाला दिसते.