सोडलेले साडेचारशे

आमच्या मंडळीत कापणीचा सण जानेवारीत होतो. नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातलं आमचं गाव, साठेक घरांची मंडळी, बहुतेक शेतमजूर. त्या दिवशी वेदीपुढे बाजरीची पोती, हरभऱ्याच्या पेंढ्या, भोपळे, अंडी, पाय बांधलेले कोंबडे, कुणाच्या हातची लोणच्याची बरणी, असं सगळं मांडलं जातं. उपासना संपली की अंगणात लिलाव. एक साधं अंडं शंभराला जातं. घेणारा ते परत वाहतो आणि त्याच अंड्याची बोली पुन्हा सुरू होते. पैसे पत्र्याच्या पेटीत जातात.

२०१० साली त्या पेटीचा खजिनदार मी होतो. सणाचे २३,४०० रुपये जमले. देवळाच्या मागच्या बाजूचे पत्रे गंजून गळत होते, ते पावसाळ्याआधी बदलायचे ठरलं होतं.

त्यातले १५,००० मी घेतले.

मी ज्या पतसंस्थेत कारकून होतो तिथे सहा महिने पगार झाला नव्हता आणि मुलाच्या डिप्लोमाची फी थकली होती. यापेक्षा जास्त कारणं सांगत नाही. सांगायला लागलो की माझं मन आजही माझीच वकिली करू लागतं. वहीत २३,४०० लिहिले होते, पेटीत ८,४०० होते, एवढं खरं. मेपर्यंत भरून टाकू, असं मी स्वतःला सांगत होतो.

त्या चार महिन्यांत मी एकही रविवार चुकवला नाही. शास्त्रपाठ वाचला, दानाची थाळी फिरवली. फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावरून उठायला पाय तयार होत नसत. पोट बरं नाही, असं बायकोला सांगायचो.

मे महिन्यात पंचांची सभा शनिवारी ठरली. गुरुवारी रात्री मी पाळकसाहेबांच्या घरी गेलो. खिशात एक कागद होता. दर महिन्याला किती भरणार, किती महिन्यांत फेडणार, सगळं आखून नेलं होतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी कागद पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

“उद्या संध्याकाळी आम्ही तुमच्याकडे जेवायला येतो,” ते म्हणाले. “आजींनाही घेऊन येतो. त्यांना मी सांगू का, की तुम्ही सांगाल?”

“तुम्हीच सांगा,” मी म्हणालो. तेवढंही धैर्य माझ्यात नव्हतं.

आजी म्हणजे आमच्या पंचांमधल्या सगळ्यांत वयस्कर. जन्मभर दुसऱ्याच्या रानात निंदणी-खुरपणी केलेल्या. दर सणाला त्यांचा एक कोंबडा ठरलेला असे.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती रडली. मग उठून डब्यात हुलग्याचं पीठ किती आहे ते पाहून आली.

शुक्रवारी ते आले. शेंगोळी आणि बाजरीची भाकरी होती. पाळकसाहेबांनी जेवणावर प्रार्थना केली, त्यात माझ्या घरासाठी आशीर्वाद मागितला आणि पैशांचा उल्लेखही केला नाही. जेवताना पावसाच्या गोष्टी झाल्या. माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. हात धुतल्यावर आजी भिंतीला टेकून बसल्या आणि मला म्हणाल्या, “औंदाच्या सणाला माझ्या कोंबड्याचं किती आलं रं?”

“साडेचारशे.”

“मग तेवढं म्या सोडलं. बाकीचं मंडळीचं हाय, ते मंडळीला दे.”

मी मान खाली घातली ती बराच वेळ वर करता आली नाही.

आपल्या मराठीतल्या प्रभूच्या प्रार्थनेत पापाला ऋण म्हटलं आहे आणि क्षमेला ऋण सोडणं. चौथीत असल्यापासून मी ती प्रार्थना रोज म्हणत आलो. पण सोडणं हा आमच्या गावातला, सावकाराच्या ओट्यावरचा शब्द आहे, हे मला आजींच्या तोंडून कळलं.

त्या रात्री मी लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय पुन्हा वाचला. यरीहोचा तो मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून गबर झालेला, उंबराच्या झाडावर चढून बसलेला. चौपट परत करीन हे त्याचं बोलणं मला पाठ होतं आणि त्याच जोरावर मी कागद आखून नेला होता. माझ्या ध्यानात एवढंच आलं नव्हतं, की येशू त्याच्या घरी जायचं आधी ठरवतो. तोवर जक्कयने एक दमडीही परत केलेली नसते. मी उलट क्रमाने निघालो होतो, आधी फेडीन आणि मग देवापुढे उभा राहीन म्हणून. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या माणसाने पन्नाशीपर्यंत हे असं उलट वाचावं! पंडिता रमाबाईंची साक्ष वाचल्यावर थोडा धीर आला. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, त्याला पुढे आणखी काही वर्षं लागली, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

शनिवारच्या सभेत मी सगळं सांगितलं. एक पंच भडकले. वाहिलेला कोंबडा देवाचा झाला, तो सोडायचा हक्क आजींना नाही, असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पुढे वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत आणि त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ठरलं ते असं, की महिन्याला १,५०० रुपये भरायचे, पेटीची किल्ली दुसऱ्याकडे आणि वही माझ्याकडेच. वही माझ्याकडे ठेवा असं मी मागितलं नव्हतं. मागायची छातीही झाली नसती.

पंचांचं बोलणं आजींनी मान हलवून ऐकून घेतलं. दुसऱ्या रविवारी त्यांनी पदराच्या गाठीतून साडेचारशे रुपये सोडवले आणि माझ्यापुढे ठेवले. त्या वेळी आमच्याकडे बाईमाणसाला निंदणीचे दिवसाला नव्वद मिळत. म्हणजे उन्हातले पाच दिवस. कृपा फुकट असते हे मी लहानपणापासून ऐकत होतो. ती कुणाला तरी किती पडते, ते त्या दिवशी पाहिलं. त्याच रविवारी मी प्रभुभोजनाला उठलो.

पेटीतल्या पैशांत निम्मेच पत्रे बसले. उरलेल्या जागी पाणी गळत राहिलं. त्या पावसाळ्यात मी त्या गळक्या जागेखालच्या बाकावर बसत असे. २०११ च्या मार्चमध्ये मी शेवटचा हप्ता भरला, तो १,०५० चा. आजींचे साडेचारशे मी त्यांना परत द्यायला गेलो होतो. त्यांनी चहा पाजला आणि पैसे माझ्याच खिशात कोंबले.

आजी आता नाहीत. ती वही माझ्याकडे आहे. त्यात माझ्या अक्षरात ओळ आहे: जमा, ४५० रुपये. कुणाकडून, तो रकाना त्यांनी कोरा ठेवायला लावला होता.