लेन्स घेताय? आधी अदासाला जाऊन या!

पगार झाला की ऑफिसातला प्रत्येक फोटोवेडा एकच सल्ला देतो, ‘50 एमएमची 1.8 घेऊन टाक!’ थांबा. कार्ड काढण्याआधी कॅमेऱ्यासोबत मिळालेली 18-55 घ्या आणि नागपूरहून छिंदवाडा रोडने सावनेर गाठा. साधारण 40 किलोमीटर. (राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 ला गेले, ते याच गावात.)

मी डिसेंबरात दोन्ही लेन्स घेऊन गेले होते, 50 एमएम मैत्रिणीची. सावनेरजवळ टेकडीवर अदासाचा शमी विघ्नेश. अखंड दगडाची मूर्ती, 10 फुटांहून उंच. गाभाऱ्यात उजेड बेताचा, मागे सरकायला जागा त्याहून बेताची. पुजाऱ्यांना विचारलं, फ्लॅश बंद केला. साध्या डीएसएलआरच्या छोट्या सेन्सरवर 50 एमएम जवळपास 75 सारखी वागते. 3 मीटरवरून, कॅमेरा उभा धरूनही, जेमतेम दीड मीटर मावतं. सोंड येते, बाप्पा येत नाहीत! 18 वर मात्र अख्खी मूर्ती आत. 1.8 ला 3.5 च्या पावणेचार पट उजेड मिळतो हे खरं, पण बाप्पा कुठे हलतायत? भिंतीला टेकायचं, श्वास रोखायचा, शटर सावकाश पडू द्यायचं.

संध्याकाळी सावनेरच्या बाजारात सगळं उलटं. माणसं हलतात, संत्र्यांच्या गाडीवर एकच बल्ब. इथे 18-55 ने हात टेकले. 50 ने संत्री विकणाऱ्या काकूंचा चेहरा लख्ख टिपला, मागची गर्दी धूसर.

तुमच्या कॉम्प्युटरवर देवळं जास्त की माणसं, एकदा मोजाच. माझ्याकडे माणसं निघाली. जानेवारीच्या पगारात 50 घेतली.