मागच्या दाराने

आमच्यासारखी कितीतरी घरं खानदेशातून सुरतेत आली. अप्पा उधन्याला लूमवर होते आणि आई घरी बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावायची. डिंडोली-लिंबायतच्या गल्ल्यांमधून आजही हे काम घरोघरी चालतं. मी मात्र कॉम्प्युटरवर बसतो. म्हणून एका साडीच्या व्यापाऱ्यासाठी अशाच घरकामाच्या मजुरीचा हिशोब ठेवणारी वेबसाइट बनवायचं काम मिळालं, तेव्हा आईला फार आनंद झाला.

वेबसाइट जँगोमध्ये बनवली. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावातल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत 2003 मध्ये ही चौकट जन्मली आणि 2005 पासून सगळ्यांसाठी खुली झाली. कामाची प्रत्येक नोंद 'सेव्ह' होताना नग गुणिले दर करून रक्कम लिहायची, हा नियम मी त्यातच बसवला होता.

दिवाळीच्या आधी मालकांचा फोन आला, "या महिन्यापासून बारा रुपयांचे चौदा कर." रात्रीचे अकरा वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी वाटप होतं. बासष्ट बायकांच्या नोंदी स्क्रीनवर एकेक करून कोण बदलणार? मी पायथनची एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती जँगोला न विचारता थेट डेटाबेसमध्ये शिरली आणि सगळीकडे 14 लिहून आली. दोन सेकंदांत काम झालं. मी खुशीत झोपलो.

रविवारी शेजारच्या मावशी वही घेऊन आल्या. "बघ रे बाळा, एकशे चाळीस साड्या केल्या. चौदाने 1960 होतात ना? मला 1680 मिळाले."

दर बदलला होता, पण रक्कम जुनीच राहिली होती. माझी स्क्रिप्ट मागच्या दाराने आत गेली, त्यामुळे 'सेव्ह'चा नियम चाललाच नाही. सगळ्या बासष्ट जणींना पैसे कमी गेले होते. आई काही बोलली नाही. तिने मावशींना चहा दिला आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. तिच्याही अशाच वह्या असायच्या. हिशोब कमी आला तर विचारायला जायचा तिला संकोच वाटायचा, हे मला माहीत होतं.

त्या दिवशी मी नीट शिकायला बसलो. जँगोच्या प्रकल्पात वेगळी स्क्रिप्ट चालवायची असेल, तर आधी तिला सेटिंग्जची फाइल कोणती ते सांगावं लागतं, मग 'जँगो डॉट सेटअप' म्हणावं लागतं, आणि त्यानंतरच मॉडेल्स आत घ्यायची. क्रम चुकला तर 'ॲप्स अजून लोड झालेली नाहीत' अशी तक्रार येते. पण नेहमी लागणाऱ्या कामासाठी याहून चांगली सोय आहे. ॲपच्या फोल्डरात 'मॅनेजमेंट' आणि त्याच्या आत 'कमांड्स' असं फोल्डर करायचं. त्यात ठेवलेल्या फाइलचं नाव हीच आपली कमांड. फाइलमध्ये 'कमांड' नावाचा क्लास आणि त्यात 'हँडल' ही पद्धत लिहिली, की 'मॅनेज डॉट पीवाय'पुढे नाव टाइप करून ती चालते. सेटिंग्ज, डेटाबेस, मॉडेल्स सगळं तयार मिळतं.

पण इथेही एक खड्डा आहे. जँगोचंच 'अपडेट' वापरून सगळ्या नोंदी एका फटक्यात बदलल्या, तरी 'सेव्ह' चालत नाही. म्हणून मी एकेक नोंद घेऊन सेव्ह केली. बासष्ट जणींच्या नोंदींना किती वेळ लागणार? सगळं काम एका ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवलं, म्हणजे मध्येच काही अडलं तर एकही नोंद बदलत नाही. शिवाय 'ड्राय-रन'चा पर्याय लिहिला. तो दिला की कमांड काहीही न बदलता फक्त नाव, जुनी रक्कम आणि नवी रक्कम दाखवते.

मालकांना फोन करून चूक माझीच होती हे सांगितलं. ते चिडले, पण बुधवारपर्यंत सगळ्यांचे उरलेले पैसे पोचले. मावशींचे 280 रुपये मी स्वतः नेऊन दिले. त्यांनी ते मोजले, वहीत लिहिले आणि म्हणाल्या, "बरं झालं विचारलं. मला वाटलं, कॉम्प्युटर कसा चुकेल?"

मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण हेच काम करत असाल. रात्री अकरा वाजता घाईची स्क्रिप्ट लिहाल, तेव्हा तिच्या दुसऱ्या टोकाला कोणाची तरी वही आहे, एवढं लक्षात असू द्या. मी आता वाटपाच्या आदल्या दिवशी ड्राय-रनची यादी काढतो. मालकांना पाठवण्याआधी ती घेऊन मावशींकडे जातो आणि त्यांची ओळ वहीशी ताडून पाहतो. आईने तसं बजावलंच आहे.